रुवीतली वाल्पोलिचेल्ला

आमच्या मस्कतच्या जयंतीत माणूस एकटा स्टेजवर चढत नाही. आधी त्याचं शिक्षण चढतं, मग कंपनी, मग हुद्दा, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. निवेदक माईकवर सांगतो, 'यानंतर आपले विचार मांडतील, बी.ई. सिव्हिल, अमुक कंपनीत सीनियर प्लॅनिंग इंजिनिअर...' आणि टाळ्या. विचार काय मांडले हे जेवणाच्या रांगेत कुणाला आठवत नाही, हुद्दा मात्र आठवतो. मी टिंगल करत नाहीये. ज्यांच्या आजोबांची ओळख गावानं एका शब्दात उरकली, त्यांनी आपल्या नावापुढे चार शब्द जास्त लावून घेतले तर बिघडलं काय? मीही त्या टाळ्या वाजवल्यात, हात लाल होईपर्यंत.

भांडण झालं ते माझी पाळी आल्यावर. मी मस्कतमधल्या एका हॉटेलात पाहुण्यांना वाईन समजावून सांगते. कुठल्या डोंगरावरची, कुठल्या द्राक्षांची, कशाबरोबर प्यायची. हे माझं काम आहे आणि त्याचा पगार मी घरी पाठवते. त्या वर्षी समितीनं मला भाषणाला बोलावलं. विषयही समितीनंच दिला होता: श्रमाची प्रतिष्ठा. आणि त्याच समितीनं सांगितलं, की माझे श्रम काय आहेत ते तेवढं स्टेजवरून बोलायचं नाही.

कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. वसतिगृहाच्या मेसवर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर, वस्तीच्या तोंडाशी उघडलेल्या देशी दारूच्या दुकानावर. पत्रकाची सवय अशी, की मुद्दा पहिल्या ओळींत सांगून टाकायचा. तो सांगून झाला. आता नीट सांगते.

मस्कतच्या रुवी भागात मी मावशीकडे राहते. मावशीचे यजमान, म्हणजे काका, एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर आहेत आणि जयंतीचे कायमचे निवेदक. आवाज असा, की सहकाऱ्याची बदली जाहीर केली तरी लोक उभे राहतील. हॉटेल मॅनेजमेंट करून मी इथे आले तेव्हा काकांनीच मला विमानतळावरून आणलं, आणि गाडीतच विचारलं, 'रिसेप्शनला ना?' मी म्हटलं, 'रेस्टॉरंटला.' ते म्हणाले, 'बरं, बरं. हॉस्पिटॅलिटी.' तेव्हापासून घरात माझ्या कामाचं नाव हॉस्पिटॅलिटी.

आमचं रेस्टॉरंट इटालियन. मॅनेजर बैरुतचा. वाईनची यादी पाठ करायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यानं ती माझ्या हातात दिली. वाचायला मी कधी घाबरले नाही. पानं उलटता उलटता एका मुलखापाशी थांबले ती थांबलेच. वाल्पोलिचेल्ला.

इटलीच्या उत्तरेला वेरोना शहर आहे. त्याच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगरातून खाली पसरलेल्या दऱ्या, उघड्या पंजाच्या बोटांसारख्या. हाच तो मुलूख. पश्चिमेला एक मोठा तलाव आहे, त्याची ऊब हवेत असते. उतारावर चुना-माती न लावता नुसत्या दगडांचे बांध रचलेत, आणि त्या बांधांवर वेली. इथली लाल वाईन एका द्राक्षाची होत नाही. तीन-चार जातींची द्राक्षं एकत्र येतात तेव्हा ती होते. कोर्विना मानाची, आंबट चेरीचा वास तिचा. तिच्यासारखीच पण थोराड मण्यांची कोर्विनोने. मग रोंदिनेल्ला. हिला पुस्तकं दोन ओळींत उरकतात: रंग देते, रोगाला दाद देत नाही, वासाला साधारण. आणि फिकी मोलिनारा. एके काळी ती घालावीच लागायची, आता नाही घातली तरी चालतं. मला पहिल्या दिवसापासून रोंदिनेल्ला आवडली. का ते सांगायला हवं का?

पण मला खरं धरून ठेवलं ते पुढच्या पानानं. तिथले लोक तोडणी झाल्यावर चांगले घड बाजूला काढतात आणि पोटमाळ्यावर बांबूच्या ताट्यांवर एकेरी पसरून ठेवतात. हल्ली क्रेट वापरतात. खिडक्या उघड्या, वारा खेळता. हिवाळाभर द्राक्षं तशीच पडून राहतात. मण्यांवर सुरकुत्या पडतात, पाणी उडतं, गोडी दाट होते. मग गाळप. त्यातून निघते ती अमारोने, जड आणि कडसर. तिचा चोथासुद्धा फेकत नाहीत. त्या चोथ्यावर मुलखातली साधी वाईन ओतून ठेवतात, आणि ती उठून वेगळीच होते.

मी खुर्चीवरून उठले. अरे, हे तर आमचं शेड!

मी तासगावकडची. आमच्याकडे द्राक्षाचा बेदाणा होतो, आणि आई बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जायची. सुट्टीत मीही जायचे. घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरायचे, खालचा रॅक भरला की वरचा. फरक इतकाच, की आमचा उन्हाळा मण्याचं पाणी झटपट ओढून घेतो आणि मणी पार सुकतो. तिकडे थंडीत महिने लागतात आणि मण्यात रस राहतो. पुस्तकात त्या पोटमाळ्यांचे फोटो होते, सुंदर, कोवळ्या उन्हातले. घड पसरणारे हात मात्र एकाही फोटोत नव्हते. ते हात कसे चिकट होतात, त्यावर माश्या कशा बसतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथेच हॉटेलात मी ठरवलं, हा मुलूख माझा. मी सांगणार तो.

आणि नाही, मी पीत नाही. पाचवं शील, नशा न करण्याचं, मी लहानपणापासून म्हणत आले आणि पाळत आले. वाईन चाखतात आणि थुंकतात. जगभर या धंद्यातले लोक असंच करतात, त्यासाठी शेजारी पिकदाणी ठेवलेली असते. पहिल्यांदा काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'थुंकलीस तरी जीभ भिजलीच ना?'

'काका, तुम्ही रोज पेस्ट थुंकता. पेस्ट खाल्ली म्हणतं का कुणी?'

मावशी स्वयंपाकघरातून हसली. काका हसले नाहीत. पण पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

रमजान सुरू झाला की हॉटेलात वाईन बंद होते. बाटल्या आत, आणि मला वेळच वेळ. मॅनेजरनं सांगितलं, ईद झाली की एक संध्याकाळ फक्त वाल्पोलिचेल्लाची. जेवण, चार वाईन, आणि बोलणार मी. 'यल्ला, चल, तयारी कर,' म्हणाला. मला वाटलं, नुसतं बोलून हे लोकांना कळायचं नाही. सुकत आलेला घड हातात दिला, की पोटमाळा आपोआप कळेल.

म्हणून मी अल मवालेहच्या बाजारात गेले. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा फळांचा धंदा करतात. आम्ही भाजी त्यांच्या शेजारून घेतो, म्हणून ओळख. कोर्विना काही तिथे मिळणार नव्हती. नाशिककडची काळी द्राक्षं होती, लांबट, बी नसलेली. मी क्रेटवर क्रेट मागायला लागले तसे चाचा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

'काय गो, येवडी द्राक्षां? लगीन हाय काय?'

'सुकवायचीयत, चाचा.'

'सुकवायची? अगो, सुकलेली मनुका त्या गाळ्यात मिलते. ताजी घेऊन सुकवनार म्हनजे जिती मासली घेऊन खारवनार!'

'अर्धीच सुकवायची. लोकांना दाखवायला.'

'दाखवायला!' त्यांनी क्रेट गाडीपर्यंत आणून ठेवले. 'द्राक्षां दाखवतेस. इन्शाल्ला एक दिवस नवरा पन दाखव.'

आता मस्कतमध्ये वेरोनाचा हिवाळा कुठून आणायचा? बाहेर ठेवली तर चार दिवसांत बेदाणा. मी माझ्या खोलीत क्रेट एकावर एक रचले, मध्ये लाकडी ठोकळे ठेवून, म्हणजे हवा खेळेल. एसी जितका खाली जाईल तितका खाली नेला. टेबलफॅन लावला. दार बंद. रोज घड उलटायचे, बिघडलेला मणी कात्रीनं काढायचा. बाहेर अंगाची साल काढणारं ऊन आणि मी आत स्वेटर घालून झोपलेली. मावशी दारातून डोकावली की म्हणायची, 'माहेरच्या माणसांना वेड असतं हे मी सासरी कबूल केलं नव्हतं. आता करावं लागणार.'

आईला फोनवर कॅमेरा फिरवून दाखवलं. तिनं आधी क्रेट मोजले. मग म्हणाली, 'तितं इमानानं जाऊन बी बेदाणाच का गं?' आणि इतकी हसली, की फोन हातातून पडला.

समुद्राकाठची हवा दमट. एसीनंही सगळी ओल जात नाही. एक क्रेट बिघडला. तो मी टाकून दिला, पण आंबूस वास खोलीत मागे राहिला. नेमक्या त्याच शुक्रवारी बुद्धवंदना आमच्या घरी होती.

वंदना पाळीपाळीनं प्रत्येकाकडे असते. हॉलमध्ये चटया, टेबलावर मूर्ती आणि तसबीर, मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. खालच्या मजल्यावरच्या काकू पर्स ठेवायला आत गेल्या आणि त्यांनी चुकून माझ्या खोलीचं दार उघडलं. आत अंधार, गारठा, गरगरणारा पंखा, कमरेएवढे रचलेले क्रेट, आणि तो वास. मी हॉलमधून पाहिलं. त्यांनी दार हळूच लावलं. पर्स पोटाशी धरून परत आल्या, चटईवर बसल्या, हात जोडले. पहिली चार शीलं नेहमीच्या आवाजात झाली. पाचव्याला त्यांचा आवाज चढला. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं इतका चढला. वंदनेनंतर उसळ न खाताच त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी महिलांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. नाव कुणाचंच नव्हतं. 'काही घरांत जे चाललंय ते समाजाला शोभणारं नाही. परदेशात आहोत हे लक्षात ठेवावं.' संध्याकाळपर्यंत 'जे चाललंय' याचं 'भट्टी' झालं होतं. मी हॉटेलात काम करते, मी वाईन जाणते, माझ्या खोलीत द्राक्षं आंबतायत. लोकांनी दोन आणि दोन मिळवून पाच केले. कुणी काकांना फोन करून म्हणालं, 'पोलिसांना कळलं तर तुम्हालाही विमानात बसवतील, साहेब. पोरीला आवरा.'

काका घरी आले ते रंग उडालेल्या चेहऱ्यानं. 'ती द्राक्षं आजच्या आज फेक.'

'फेकणार नाही.'

'अगं, व्हिसाचा प्रश्न आहे!'

'द्राक्षं सुकवायला व्हिसा लागतो का?'

'तुझ्या तोंडाला लागायला हवा,' ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर सोफ्यावर आडवे झाले.

पुढच्या शुक्रवारी समितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये बसली. विषय जयंतीची तयारी, असं म्हणायला. सेक्रेटरी सर मध्ये बसले. ते एसीच्या कामाचे इंजिनिअर, बोलायला मऊ, वागायला सरळ. खरं सांगते, माणूस वाईट नाही. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्यांनी सुरुवात केली, 'बाळा, काही गैरसमज झालेत...'

मी उठले, खोलीत गेले, सगळ्यांत वरचा क्रेट उचलून आणला आणि टीपॉयवर ठेवला. चहाचे कप बाजूला सरकवावे लागले.

'ही भट्टी,' मी म्हटलं. 'खा.'

कुणी हात लावेना. मणी सुरकुतलेले, काळेजांभळे, देठ वाळलेले. शेवटी मावशीनं एक तोडून तोंडात टाकला. मग एका ताईंनी. मग त्यांच्या यजमानांनी. खालच्या काकू वास घेऊन म्हणाल्या, 'त्या दिवशी आंबट वास होता.'

'एक क्रेट नासला होता, काकू. तुमच्याकडे इडलीचं पीठ नासतं तेव्हा मी ग्रुपवर टाकते का?'

दोघं-तिघं हसले. काकूंनीही एक मणी घेतला, जरा रागानंच. द्राक्षांचा प्रश्न तिथे खलास झाला. मला वाटलं, संपलं. पण सेक्रेटरी सर संपवणारे नव्हते.

'द्राक्षांचं सोड. आपण पंचशील मानणारे लोक. तू हुशार आहेस, बोलतेस छान. पण आजीविका सम्यक असावी असं आपल्याला शिकवलंय. मादक पदार्थांचा व्यापार त्यात बसत नाही. तूच कॉलेजात दारूबंदीचं पत्रक लिहिलं होतंस, काका सांगत होते कौतुकानं.'

'लिहिलं होतं. आजही लिहीन. वस्तीच्या तोंडाशी, कामगाराच्या रस्त्यात, उधारीवर दारू देणारं दुकान आजही बंद पाडीन.'

'मग हॉटेलातली दारू पवित्र का?'

हा प्रश्न खरा होता. मी तो पत्रकातल्यासारखा उडवून लावू शकत नव्हते. म्हटलं, 'पवित्र नाही, सर. मी तिला पवित्र म्हटलेलं नाही. मी पीत नाही, कुणाला पी म्हणत नाही. समोरचा पिणारच आहे, त्याला त्याच्या पेल्यात कुठल्या डोंगराचं काय आहे ते सांगते. एवढ्यानं माझी आजीविका सम्यक ठरत नसेल तर तसं म्हणा. पण मग सगळ्यांची मोजा. माझ्या हॉटेलात वाईन ठेवायची जी थंड खोली आहे, तिचं काम कुणाच्या कंपनीनं केलं?'

सेक्रेटरी सरांचे कान लाल झाले.

'आमच्या,' ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. 'ते एसीचं काम होतं.'

'माझंही बोलण्याचं काम आहे. वाईन थंड ठेवणारा इंजिनिअर स्टेजवर, टाळ्या. वाईन सांगणारी पोरगी खाली. असं का, सर? तुमच्या हातात ड्रॉइंग असतं आणि माझ्या हातात बाटली दिसते म्हणून?'

'आवाज खाली,' काका म्हणाले.

आवाज मी खाली केला. म्हणणं मागे घेतलं नाही.

बराच वेळ चर्चा झाली, म्हणजे मी सोडून सगळे बोलले. शेवटी तोडगा निघाला. भाषण मीच करायचं. फक्त ओळख करून देताना 'आदरातिथ्य क्षेत्रात कार्यरत' एवढंच म्हणायचं. वाईनचा उल्लेख नको. मुलं असतात समोर, बाहेरचे पाहुणे असतात, व्हिडिओ होतो, तो गावाकडे जातो. सेक्रेटरी सर म्हणाले, 'यात खोटं काय आहे?'

खोटं काहीच नव्हतं. त्यामुळेच ते वाक्य मला जास्त चावलं. आमच्या लोकांना कामाचं नाव बदलून घ्यायला लावणारे पूर्वी दुसरे होते. आता आम्हीच एकमेकांना शुद्ध करून स्टेजवर चढवतो? मी म्हटलं, 'हॉटेलात वाईन सांगते, असं म्हणणार असाल तरच बोलेन.'

'मग अवघड आहे,' सर म्हणाले.

'अवघडच आहे,' मी म्हटलं, आणि क्रेट उचलून आत नेला. त्यातले निम्मे मणी संपले होते.

लोक गेल्यावर काका म्हणाले, 'तुला भाषण हवंय की भांडण?'

'भाषण हवंय. म्हणून तर भांडतेय.'

'माईक माझ्या हातात असतो, हे विसरू नकोस.' धमकी होती की आणखी काही, मला कळलं नाही. मावशी उष्टे कप गोळा करत म्हणाली, 'माईक असतो तुमच्या हातात. पण वाचता तुम्ही ते, जे ते लिहून देतात.'

कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा माझं नाव त्यात होतं. पुढे लिहिलेलं: आदरातिथ्य क्षेत्र. मी नको म्हटल्यावरही. त्यांना वाटलं असावं, पोरगी बोलते, पण स्टेज दिसलं की नमेल.

ईद झाली. हॉटेलातल्या बाटल्या पुन्हा बाहेर आल्या. आमची वाल्पोलिचेल्लाची संध्याकाळ गुरुवारी होती, जयंतीच्या आदल्याच दिवशी. टेबलं भरलेली. मी प्रत्येक टेबलावर सुरकुतलेल्या द्राक्षांचा एक एक घड ठेवला होता. आधी ताज्या फळाची हलकी वाईन, मग चोथ्यावर पुन्हा ठेवलेली, मग अमारोने, शेवटी त्याच सुकवलेल्या द्राक्षांची गोड. मी दऱ्या सांगितल्या, दगडी बांध सांगितले, पोटमाळा सांगितला. आणि हातही सांगितले. म्हटलं, 'घड असे पसरायचे, की एकाचा दुसऱ्याला धक्का लागता कामा नये. माझी आई हे काम करायची. दुसऱ्या देशात, दुसऱ्या द्राक्षांवर. हे घड मात्र मस्कतचे आहेत. माझ्या खोलीत सुकलेत.'

लोक हसले आणि मणी तोडून खाल्ले. एका बाईंनी विचारलं, 'तुम्हाला यातली कुठली आवडते?'

'मी पीत नाही,' मी म्हटलं. 'पण रोंदिनेल्ला आवडते. पोटमाळ्यावर ती कुजत नाही. बाटलीवर तिचं नाव मोठ्या अक्षरात कधीच नसतं. तरी विचारलं, तर तिथला कुणीही सांगतो की ती आत आहे.'

हे बोलताना मला दुसऱ्या दिवशीचं माझं पहिलं वाक्य सापडलं.

शुक्रवारी भाड्याचा हॉल भरला होता. निळ्या रिबिनी, पांढरे सदरे, मुलांची नाचाची गडबड. मुलं आपापसांत इंग्रजीत भांडत होती आणि स्टेजवर येऊन घाबरत घाबरत मराठी कविता म्हणत होती. सेक्रेटरी सर पहिल्या रांगेत. खालच्या काकू दुसऱ्या. मी बाजूच्या पायरीजवळ उभी. काकांच्या हातात कागद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

'यानंतर आपले विचार मांडतील,' त्यांचा तो आवाज हॉलभर घुमला, 'हॉटेल मॅनेजमेंट पदवीधर, माझी भाची...' ते थांबले. हे 'माझी भाची' कागदावर नव्हतं. कागद मी पाहिला होता. '...आदरातिथ्य क्षेत्रात...' पुन्हा थांबले. मग म्हणाले, 'पुढचं ती स्वतः सांगेल,' आणि माईक माझ्या हातात देऊन खाली उतरले.

एवढंच त्यांना जमलं. मला तेवढं पुरेसं होतं.

मी म्हटलं, 'मी मस्कतच्या एका हॉटेलात लोकांना वाईन समजावून सांगते. मी ती पीत नाही. माझी आई बेदाण्याच्या शेडवर मजूर होती, आणि त्या शेडमुळे मला माझं काम कळतं. हे सांगून माझी ओळख झाली. आता विषय: श्रमाची प्रतिष्ठा.'

टाळ्या आल्या नाहीत. मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं, खुर्च्या वाजवत. मी थांबले, ते दाराबाहेर जाईपर्यंत. मग बोलले. ठरवलेलं सगळं बोलले, एक वाक्य गाळलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. जोरात म्हणता येणार नाहीत, पण झाल्या. सेक्रेटरी सरांनी वाजवल्या का, ते मी पाहिलं नाही. मुद्दामच.

व्हिडिओ गावाकडे गेला. आईनं तो शेडवरच्या बायकांना दाखवला म्हणे. 'शेड' हा शब्द आला तसा एकीनं व्हिडिओ मागे नेऊन तो पुन्हा ऐकला.

पुढच्या जयंतीला मला बोलावतील का, ठाऊक नाही. समितीत त्यावर मतभेद आहेत असं कळतं. असू देत. माझी ओळख आता कागदावर बसायची नाही, एवढं सगळ्यांना कळलंय.

खोलीतले उरलेले घड मी एसी बंद करून तसेच सोडले. मस्कतच्या उन्हाळ्यानं त्यांचा बघता बघता बेदाणा केला. बुद्धपौर्णिमेला खीर आमच्या घरी होती. मावशीनं न विचारता सगळा बेदाणा खिरीत घातला. खालच्या काकू वाटी घेऊन आल्या, चमच्यानं एक मणी उचलून डोळ्यांजवळ नेला.

'हे तेच ना?'

'तेच,' मावशी म्हणाली. 'भट्टीतले.'

काकूंनी तो मणी खाल्ला. आणि वाटी पुन्हा पुढे केली.